फेसाची ऊब

दाढीच्या फेसाला स्वतःची ऊब नसते. ती त्याला द्यावी लागते आणि दिल्यावर राखावी लागते. साबण कितीही भारी असो, ब्रश कितीही मऊ असो, पाणी थेट बंबातून काढलेलं असो. वाटीत ब्रश फिरून फेस उभा राहिला की तेव्हापासूनच तो निवायला लागतो. पहिला हात कोमट फेसात होतो, दुसरा गार फेसात. डिसेंबरातल्या सकाळी ब्रशनं दाढी करणाऱ्या प्रत्येकाला हा दुसऱ्या हाताचा गारठा ठाऊक आहे. पहिल्या हाताच्या वेळी चेहरा नुकता ऊन पाण्यानं धुतलेला असतो, कातडी सैलावलेली असते. दुसऱ्या हाताला तीच कातडी पात्याखालून गेलेली, हुळहुळी झालेली असते आणि नेमका तिच्यावर वाटीच्या तळाचा थंडगार फेस येऊन बसतो. मानेवर सर्रकन काटा येतो. काटा आला की केसांच्या मुळाशी बारीक उंचवटे उठतात, आणि पातं तिथंच लागतं.

ही बाब किरकोळ आहे असं कुणी म्हणेल. मला ती तशी वाटत नाही. रोज सकाळी स्वतःच्या गळ्यावरून धारदार पातं फिरवायचं, तर ते कातडीला सुखाचं व्हावं म्हणून माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं चालवलं आहे, वेगळी भांडी घडवली आहेत, यंत्रंसुद्धा केली आहेत. त्यातली बरीचशी खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: फेस शेवटपर्यंत ऊन कसा राहील.

फेस इतक्या लवकर का निवतो, याचं उत्तर तो कशाचा होतो त्यात आहे. दोन-तीन चमचे पाणी आणि बोटाच्या पेराहूनही कमी साबण, एवढ्यातून वाटी भरून वर येईल इतका फेस होतो. बाकी सगळी हवा. आणि उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत हवा फार दुबळी. तेवढ्याच जागेत मावणारं पाणी जेवढी उष्णता धरतं, तिचा सुमारे साडेतीन हजारावा हिस्साच हवेत मावतो. म्हणजे वाटीभर फेसाची उष्णतेची सगळी पुंजी त्या दोन-तीन चमचे पाण्यात. शिवाय ब्रश फिरवताना आपण बाहेरची गार हवा सतत आत कालवत असतो; फेस करणं म्हणजेच ते. वरून ओला पृष्ठभाग उघडा पडलेला. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० जूल उष्णता लागते आणि ती उरलेल्या फेसातूनच काढून घेतली जाते. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं वाटीतला फेस.

पण याच फेसाचा दुसरा एक गुण आहे. बारीक बुडबुड्यांत अडकलेल्या हवेतून उष्णता सहजी पुढे जात नाही. त्यामुळे फेस ढिगानं राहू दिला, तर वरचा थर निवला तरी पोटातला फेस बराच वेळ ऊन राहतो. जाणते लोक दुसऱ्या हाताला वरचा फेस घेत नाहीत, ब्रश खाली घालून तळाचा उचलतात. तळ मात्र तापलेला हवा. तिथं सगळा प्रश्न वाटीवर येतो.

आमच्या घरी हे गणित कुणी मांडलं नव्हतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताला ते येत होतं. अण्णा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये कामाला होते. पहिली पाळी असली की उजाडायच्या आत दाढी उरकावी लागे. नाशिकची थंडी बाहेरच्यांना फारशी माहीत नसते, पण निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या दर एक-दोन हिवाळ्यांआड येतात आणि त्या दिवसांत द्राक्षबागांमधून रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवतात. तशा पहाटे परसात तांब्याचा बंब पेटलेला असे. त्यात लाकडाच्या ढलप्या आणि नारळाच्या शेंड्या. अण्णा पहिला तांब्या स्वतःच्या अंघोळीसाठी काढत नसत, दाढीसाठी काढत.

मांडणी ठरलेली होती. एक जाड बुडाचा गंज, त्यात ऊन पाणी. गंजात पितळी वाटी, अशी की पाणी वाटीच्या काठाखाली दोन बोटं राहील. वाटीच्या तळाशी गोदरेजचा गोल साबण दाबून बसवलेला. साबणावर चमचाभर ऊन पाणी घालून ठेवायचं आणि ब्रश तांब्यात उभा करायचा. मग तोंड धुऊन यायचं. तेवढ्यात साबणाचा वरचा थर मऊ होई, ब्रशचे केस पाणी पिऊन जड होत आणि वाटी बोटांना सोसवेल-न सोसवेल इतकी तापे. साबणावरचं ते बुळबुळीत पाणी अण्णा फेकत नसत, गालांना चोळत. खिडकीच्या गजाला टांगलेल्या आरशात बघत ते वाटीत ब्रश फिरवायला लागत. आधी सावकाश, मग भराभर, मनगट न उचलता. आवाज बदलत जाई. सुरुवातीला पाण्याचा पातळ खळखळाट, मग तो जाड होत होत जवळजवळ बंद पडे. आवाज बंद पडला की फेस झाला.

पितळी वाटी नुसती बाहेर ठेवली तर ती फेसाची वैरीण. पितळातून उष्णता चिनी मातीच्या पन्नासएक पट तरी सहज वाहते, आणि वजनाच्या मानानं पितळात ती साठते मात्र थोडी. पाण्याला एक अंश तापायला जेवढी उष्णता लागते, तिच्या अकराव्या हिश्शात तेवढ्याच वजनाचं पितळ तेवढं तापतं. साहजिकच उघड्यावर ते तितक्याच लवकर निवतं आणि फेसालाही निववतं. पण तीच वाटी ऊन पाण्यात बसवली की तिचा दुर्गुण कामाला येतो. गंजातल्या पाण्याची उष्णता पितळ बिनअडथळा आत फेसाला पोचवत राहतं. चिनी मातीच्या वाडग्याचं उलट. तो तापायला वेळ घेतो, पाच मिनिटं तरी ऊन पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. एकदा तापला की मग जाडीमुळे आणि वजनामुळे बाहेरही बराच वेळ ऊब धरतो. पातळ स्टीलची वाटी मला या कामाला आवडत नाही. ती साठवतही नाही आणि पोचवतेही कमीच. घरात दुसरं काही नसेल तर चालते, पण मग ती पाण्यातून बाहेर काढू नये.

ब्रशचंही असंच आहे. डुकराच्या राठ केसांचा ब्रश आधी चांगला भिजवावा लागतो. कोरडा असताना वापरला तर फेसातलं पाणी तोच पिऊन टाकतो. बॅजरच्या केसांचा ब्रश मऊ असतो आणि मुळाशी भरपूर ऊन पाणी धरून राहतो. हल्लीचे नायलॉनसारख्या धाग्यांचे ब्रश पाणी पीत नाहीत, नुसतं मधल्या फटींत अडवून धरतात. पण ते लवकर वाळतात आणि स्वस्तही पडतात. ब्रशच्या पोटातलं हे पाणी म्हणजे फेसाची दुसरी शिदोरी. पहिला हात झाल्यावर अण्णा ब्रशचं टोक गंजातल्या पाण्याला लावत आणि वाटीत चार वेढे देत. मरगळलेला फेस पुन्हा ओला होऊन चकाकायला लागे. मी दाढी करायला लागलो तेव्हा ब्रश पाण्यात बुचकळून झटकला होता, तर ते म्हणाले, “झटकू नकोस रे, नुसतं टोक टेकव.”

याच कामासाठी इंग्लंड-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र भांडं घडलं. त्याला स्कटल म्हणतात. चिनी मातीचा मग, त्याला बाजूला रुंद तोटी. मगात ऊन पाणी, वरच्या खोलगट झाकणावर साबण, झाकणाला भोकं. ब्रश तोटीतून पाण्यात घालायचा आणि वर साबणावर फिरवायचा. जास्तीचं पाणी भोकांतून खाली जायचं. साबण खालच्या पाण्याच्या वाफेनं ऊन राही. अण्णांचा गंज आणि वाटी म्हणजे तेच, फक्त दोन तुकड्यांत. अण्णांनी स्कटल हा शब्द ऐकला असण्याची शक्यता नाही. गारठा सारखा असला की उपायही सारखेच सुचत असावेत.

अमेरिकेत तेव्हा दाढी मुख्यतः न्हाव्याकडेच होई. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा स्वतःचा मग दुकानातल्या फळीवर असे. त्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव आणि खाली त्याच्या धंद्याचं चित्र: खाटकाचा बैल, रेल्वेवाल्याचं इंजिन, सुताराची हत्यारं. कोरे पांढरे मग बहुतेक फ्रान्समधल्या लिमोजहून किंवा जर्मनीहून यायचे आणि अमेरिकेत रंगवले जायचे. एकाचा साबण दुसऱ्याला लागून कातडीचे रोग पसरतील ही भीती त्यामागे होती. पण मला त्या फळीचं चित्र डोळ्यांसमोर आणलं की वेगळंच वाटतं. गावातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याची ऊब तिथं नावानिशी ठेवलेली असे.

मग किंग जिलेट आला. १९०१ मध्ये कंपनी, १९०३ मध्ये विक्री. पहिल्या वर्षी ५१ रेझर खपले, दुसऱ्या वर्षी ९० हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि एक पूर्ण पिढी घरी परतली ती स्वतःची दाढी स्वतः करायला शिकूनच. फळीवरचे मग धूळ खाऊ लागले. १९४९ मध्ये ‘राइज’ नावानं फेसाचा डबा बाजारात आला आणि ब्रश-वाटीचीही गरज संपली. या डब्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यात सोय आहे, पण ऊब येणं शक्य नाही. आत दाबून द्रवरूपात भरलेला वायू बाहेर येताना वायुरूप होतो, फुगतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता फेसातूनच ओढून घेतो. तळहातावर पडणारा फेस खोलीपेक्षाही गार लागतो तो त्यामुळे. अमेरिकेतल्या न्हाव्यांना हा गार फेस पटला नसावा. तिथल्या सलूनांत विजेवर तापणारी फेसाची छोटी यंत्रं आजही दिसतात. बटण दाबलं की तळहातावर ऊन फेसाचा गोळा. आणि मेनमधल्या जॉर्जटाउन पॉटरीसारखे कारखाने दुहेरी भिंतीचे स्कटल पुन्हा चाकावर घडवू लागले आहेत. त्यात दोन भिंतींच्या मधे कढत पाणी ओतायचं आणि आतल्या वाडग्यात फेस करायचा. पोकळ भिंतीचं ते भांडं चाकावर उठवायला हात फार सराईत लागत असेल. त्या कुंभारांबद्दल मला आदर वाटतो.

फेस ऊन हवा म्हणजे किती? इथं हावरटपणा उपयोगाचा नाही. फेसाचे बुडबुडे म्हणजे साबणपाण्याचे पातळ पडदे. गरम केलं की पडद्यातलं पाणी अधिक पातळ होतं, भराभर खाली निथळतं आणि वाफ होऊनही जातं. पडदे विरतात आणि फुटतात. उकळत्या पाण्यात ठेवलेल्या वाटीतला फेस बघता बघता बिघडतो. आधी त्याची चकाकी जाते. मग अंगावर टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसायला लागतात, कान जवळ नेला तर बारीक चुरचूर ऐकू येते. वर कोरडा, खालून पाणचट असा तो गालाला चिकटत नाही. माझ्या अनुभवात वाटीभोवतीचं पाणी बोट दोन-चार सेकंद आत ठेवता येईल इतपतच असावं. फेस गालाला लागताना चाळीस अंशांच्या आसपास असला की पुरे. त्रेचाळीस-पंचेचाळीसच्या पुढे कातडीला ऊब वाटत नाही, चटका वाटतो.

पाण्याचाही वाटा आहे. आमच्याकडे नळाला गंगापूर धरणाचं पाणी येई, तेव्हा फेस मजेत होई. बोअरचं पाणी वापरायची वेळ आली की तोच साबण हट्टाला पेटे. दगडातून झिरपताना त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम उतरतं, साबण त्यांच्याशी बांधला जाऊन पांढरी साय धरतो आणि फेसासाठी उरतच नाही. अशा ठिकाणी एक तांब्या पावसाचं किंवा आरओचं पाणी दाढीपुरतं वेगळं ठेवावं. दाढीच्या साबणात सोड्याच्या जोडीला पोटॅशचाही साबण असतो. तो जास्त विरघळतो, जास्त ओला फेस देतो. अंगाच्या साबणानं दाढी केली की फेस लवकर सुकतो त्याचं एक कारण हे.

आता एक गोष्ट सरळ सांगायला हवी. चेहऱ्याच्या कातडीचं तापमान एरवी तेहतीस-चौतीस अंशांच्या आसपास असतं. फेसाचा दोन-तीन मिलिमीटरचा थर तिच्यावर बसला की थोड्याच वेळात तो कातडी आणि हवा यांच्या मधल्या कुठल्यातरी तापमानाला येऊन ठेपतो. वाटीत तो कितीही ऊन असो. केस मऊ होतात ते मुख्यतः पाणी पिऊन, आणि त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. ऊन पाण्यात ते जरा लवकर होतं एवढंच. मग गार फेसानं दाढी गुळगुळीत होत नाही का? होते. उन्हाळ्यात तर मुद्दाम गार पाण्यानं करणारेही आहेत आणि त्यांचं काही बिघडत नाही. ऊन फेसानं दाढी अधिक तासून निघते असं मी म्हणणार नाही. ऊब आहे ती स्पर्शासाठी. ब्रश गालाला लागतो त्या घडीला माणूस आखडतो की सैल सोडतो, एवढाच तिचा संबंध. आणि आखडलेल्या चेहऱ्यावर पातं नीट चालत नाही, हे सलूनमधल्या कुठल्याही कारागिराला विचारा.

कारागिरांच्या जुन्या पिढीला तर साबणाचीही गरज नव्हती. गावोगावचे बलुतेदार न्हावी धोकटीतून वाटी काढत, तीत पाणी घेत आणि बोटांनी गाल, हनुवटी, मान चोळत राहत. पाणी मुरेपर्यंत चोळायचं, मग वस्तरा. ऊब असायची ती बोटांची. वारकऱ्यांचे संत सेना महाराज व्यवसायानं न्हावी होते; त्यांच्या प्रसिद्ध अभंगात आरसा येतो, चिमटा येतो, डोईवर चोळायचं पाणी येतं, साबण येत नाही. बिनपाण्यानं हजामत करणं ही आपल्याकडे दहशतीची गोष्ट मानली गेली. बिनसाबणाची मानली गेली नाही. अण्णांच्या दहाव्याला रामकुंडावर बसलो होतो, तेव्हा क्षौर करणाऱ्या वयस्क माणसानं गोदावरीचं गार पाणी ओंजळीनं डोक्यावर घातलं आणि दोन्ही तळव्यांनी डोकं चोळायला सुरुवात केली. घाई नव्हती. मागे रांग होती, तरी नव्हती. पाणी गार होतं, जानेवारी होता, आणि तरी काही वेळानं डोक्याची कातडी ऊन झाली होती. मग वस्तरा लागला तो कळलाही नाही. हे चोळणं कुठल्याही स्कटलच्या बरोबरीचं आहे असं मी मानतो. फेस आणि वाटी नंतर आले, आणि त्या बोटांचं काम त्यांनी थोडंफार उचललं.

अण्णा जाण्यापूर्वी त्यांना पक्षाघात झाला, तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही अडखळायला लागलं. दवाखान्यात वॉर्डातले मामा दाढी करायचे. एका माणसाच्या गळ्यात पूर्ण वॉर्ड. नळाचं गार पाणी, अंगाचा साबण आणि फेकून द्यायचा रेझर यांवर ते भागवत. त्यांना नावं ठेवायचा मला हक्क नाही. पण फडक्यानं गार पाणी लागलं की अण्णा डोळे घट्ट मिटत आणि डावा खांदा कानाकडे नेत. नको म्हणायला तेवढाच एक खांदा त्यांच्याजवळ उरला होता.

घरी आणल्यावर आमच्या गल्लीतल्या सलूनचे कारागीर एकदा येऊन मला दाखवून गेले. दुसऱ्याची दाढी समोर उभं राहून करायची नाही, उशाशी, डोक्यामागे उभं राहायचं. मग हात आपल्याच गालावर चालल्यासारखा चालतो. डाव्या हाताच्या दोन बोटांनी कातडी ताणायची आणि ताणलेल्या जागेतच पातं न्यायचं. पात्यानं दाबायचं नाही. हे सगळं मी शिकलो. पण दुसऱ्याची दाढी आपल्या दाढीच्या दुपटीनं वेळ घेते, आजाऱ्याची तिपटीनं. जिवणीच्या उजव्या कोपऱ्याशी अण्णांचा गाल ओघळून आत गेला होता. तिथं एरवी माणूस आतून जीभ लावून गाल फुगवतो. त्या बाजूला त्यांना ते येत नव्हतं. तो खळगा बोटानं हलकेच वर उचलून, पातं एकेक बोट पुढे नेत साफ करायचा. तोवर दुसऱ्या गालावरचा फेस निवून, सुकून, कडांना पापुद्र्यासारखा झालेला असायचा.

म्हणून मग मी अण्णांचीच मांडणी पुन्हा काढली. मोठ्या चिनी मातीच्या वाडग्यात ऊन पाणी, त्यात ती जुनी पितळी वाटी, शेजारी थर्मास. वाडग्यातलं पाणी निवलं की थर्मासमधून अर्धा पेला ओतायचं. फेस एका वेळी अर्ध्याच गालाला लावायचा, जेवढा पूर्ण करता येईल तेवढ्याला. उरलेला अर्धा चेहरा ऊन पाण्यात पिळलेल्या पंचाच्या घडीखाली. उजव्या गालाला गरम-गार कळत नव्हतं, त्यामुळे चटका बसला तरी ते सांगू शकले नसते. तेव्हा फेस आधी माझ्या मनगटाला, मग त्यांच्या डाव्या गालाला, आणि सगळ्यात शेवटी उजवीकडे. क्रम हाच.

पहिल्यांदा तसा ऊन ब्रश गालाला लागला तेव्हा अण्णांनी डोळे मिटले, पण घट्ट नाही. खांदा हलला नाही. ब्रश दोन-चारदा फिरल्यावर त्यांनी हनुवटी आपणहून वर केली, आरशासमोर मानेवरचा फेस लावताना करायचे तशी. “बरं वाटतं का?” असं विचारलं. “ऊन,” एवढंच म्हणाले. त्या दिवसांत त्यांचा एकेक शब्द यायला वेळ लागायचा, आणि हा लगेच आला.

आजारपणात माणसाच्या अंगाला खूप हात लागतात. सुई टोचणारे, कूस बदलणारे, रक्तदाब बघणारे, पुसणारे. सगळे गरजेचे असतात आणि बहुतेक गार असतात. दाढी हा त्यातला एक स्पर्श सुखाचा होऊ शकतो, कारण त्यात माणसाला पूर्वीची सवय असते. चाळीस-पन्नास वर्षं रोज सकाळी त्या चेहऱ्यानं ब्रश ओळखलेला असतो. ती ओळख गार फेसानं तुटते. नव्यानं काही शिकवायचं नसतं. जुनं जसं होतं तसं पोचवायचं असतं, त्याच उबेत.

आता बहुतेक घरांत ब्रश-वाटी राहिलेली नाही. माझं आरोग्य आणि माझे हात ठीक आहेत तोवर मी ती वापरणार आहे. माझी सकाळची ती दहा मिनिटं मला दुसऱ्या कशासाठी नको आहेत. तरुणांनी डबा वापरावा की वाटी, यावर मी वाद घालणार नाही. पण ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप, आजोबा किंवा काका आहे, त्यांना मात्र मनापासून सांगतो. दाढीचा एक साधा ब्रश आणि गोल साबण आणा. फेस करण्याआधी ब्रश आणि वाटी दोन्ही पाच मिनिटं ऊन पाण्यात ठेवा, आणि वाटी त्या पाण्यातच राहू द्या. फेस आधी आपल्या मनगटाला आतून लावून बघा. ज्या बाजूला संवेदना नाही तिथं शेवटी लावा. अर्ध्याच गालाला लावा, तेवढा पूर्ण करा, मग पुढे जा. पाणी निवलं तर उठून दुसरं आणा. गॅसवर आणखी एक पातेलं तापायला चार-पाच मिनिटं लागतात.